मिऱ्यांचे पाणी

१६७७ चा नोव्हेंबर. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात रॉयल सोसायटीची बैठक गुरुवारी भरे. १ तारखेच्या बैठकीत रॉबर्ट हूकने सभासदांपुढे काचेची एक बारीक नळी धरली. नळीत पाणी होते आणि त्या पाण्यात आधी काळे मिरे भिजत घातलेले होते. जमलेल्यांनी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कोणाला काही दिसले नाही. पुढच्या गुरुवारी, ८ तारखेला, हूकने नळी आणखी बारीक केली, सूक्ष्मदर्शकही सुधारून आणला. तरी काही नाही.

एका मसाल्याच्या पदार्थाच्या पाण्यासाठी इंग्लंडमधले इतके जाणते लोक दोन आठवडे का ताटकळले, याचे उत्तर समुद्रापलीकडे हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात होते. तिथल्या एका माणसाने वर्षभरापूर्वी सोसायटीला कळवले होते की, मिरे घातलेल्या पाण्याच्या एका थेंबात हजारो जिवंत प्राणी पोहताना मी पाहिले आहेत. त्याच्याआधी असे कोणी म्हटले नव्हते. तो माणूस खोटारडा होता, भ्रमात होता, की जगातल्या सर्वांत मोठ्या वस्तीचा दरवाजा त्याने उघडला होता? हे ठरवायला दुसऱ्या कोणाला तरी तेच दिसायला हवे होते.

त्या माणसाचे नाव अँटनी व्हॅन लेव्हेनहूक. जन्म १६३२ चा, डेल्फ्टमधलाच. चित्रकार व्हर्मीर त्याच गावचा, त्याच वर्षी जन्मलेला. १६७६ मध्ये व्हर्मीरच्या मागे राहिलेल्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याचे काम गावाने लेव्हेनहूककडेच दिले होते. पोटापाण्याचा धंदा कापडाचा. कापडाचा पोत पारखायला, धागे मोजायला हे व्यापारी भिंग वापरत. पुढे त्याला नगरपालिकेत शेरीफांच्या दालनाची देखभाल करण्याची नोकरी मिळाली, मग जमीन मोजणीची सनदही मिळाली. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. लॅटिन येत नव्हती, इंग्रजी येत नव्हती; डच सोडून दुसरी भाषा नाही. १६७३ मध्ये डेल्फ्टचाच वैद्य रेनिए दे ग्राफ याने सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्गला त्याच्याबद्दल पहिल्यांदा लिहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉन्स्टान्टाइन ह्युजेन्स या वयोवृद्ध डच मुत्सद्द्याने आणखी एक शिफारसपत्र धाडले. गृहस्थ शिकलेला नाही, पण स्वभावाने चौकस आणि कष्टाळू आहे, असा त्याचा सूर होता. हे पत्र ज्याच्या नावे आले तो रॉबर्ट हूक. म्हणजे मिऱ्यांच्या पाण्याआधी चार वर्षे या दोघांची गाठ पत्रातून पडलेलीच होती. माझ्या मते तर ती त्याच्याही आधी पडली होती, एका पुस्तकातून.

ते पुस्तक म्हणजे हूकचे ‘मायक्रोग्राफिया’. १६६५ साली ते निघाले तेव्हा हूक तिशीचाही नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या वस्तूंची थोरली चित्रे त्यात आहेत. त्यातली पिसू तर घडी उलगडून बघावी लागते, सुमारे दीड फूट लांब. सॅम्युएल पेपिस हा आरमाराच्या खात्यातला अधिकारी रात्री दोन वाजेपर्यंत ते वाचत बसला होता, असे त्याच्या रोजनिशीत आहे. पण आपल्याला हवे आहे ते अठरावे निरीक्षण: बुचाच्या लाकडाचे.

हूकने चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावली आणि बुचाचा अगदी पातळ काप काढला. बूच पांढरट, म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला, आणि जाड भिंगातून त्यावर प्रकाश पाडला. दिसले ते मधाच्या पोळ्यासारखे: भिंतींनी विभागलेल्या रिकाम्या खोल्या. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटले, मठातल्या साधूच्या लहानशा खोलीला म्हणतात तो शब्द. मग तो मोजायला बसला. एका इंचाच्या अठराव्या भागात साठ खोल्या, म्हणजे इंचात १,०८०. आणि घन इंचात १,०८० चा घन, म्हणजे १ अब्ज २५ कोटी ९७ लाख १२ हजार.

त्याला पडलेले प्रश्न मात्र भौतिकशास्त्राचे होते. बूच इतके हलके का? पाण्यावर का तरंगते? दाबले की पुन्हा का फुगते? उत्तर त्याला त्या खोल्यांत सापडले: प्रत्येक खोलीत हवा कोंडलेली आहे. उत्तर बरोबरच होते. मात्र बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. आत राहणारे केव्हाच निघून गेले होते, हूकने पाहिले ते ओस पडलेले वाडे. हिरव्या झाडांत हेच कप्पे रसाने भरलेले दिसतात, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे, पण त्या रसाकडे तो वळला नाही.

इथे आपल्या भाषेविषयी थोडे बोलायचा मोह होतो. शाळेत कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून आपण जे पहिल्यांदा पाहतो त्याला मराठीत ‘पेशी’ म्हणतात. हा शब्द जुना, आयुर्वेदातला. तिथे त्याचा अर्थ मांसाचा गोळा, स्नायू. इंग्रजीने रिकाम्या खोलीचे नाव जिवंत वस्तूला दिले आणि ते तसेच चालू ठेवले. मराठीने मांसाचे नाव दिले. बुचाच्या कापात जे नव्हते, नेमके तेच आपल्या शब्दात आहे.

‘मायक्रोग्राफिया’च्या प्रस्तावनेत एक कृती आहे. स्वच्छ व्हेनिशियन काचेचा तुकडा दिव्याच्या ज्योतीत धरून ओढायचा, म्हणजे त्याची केसासारखी बारीक तार निघते. तारेचे टोक पुन्हा ज्योतीत धरायचे. काच वितळते आणि टोकाला आपोआप एक वाटोळा मणी जमतो. तो थोडा घासून, पॉलिश करून, धातूच्या पातळ पत्र्याला सुईने पाडलेल्या भोकावर बसवायचा. झाला सूक्ष्मदर्शक. भिंगे दोन नाहीत, एकच.

भिंग जितके लहान आणि गोल, तितके ते प्रकाशाला जास्त वाकवते आणि वस्तू तितकी मोठी दिसते. जेमतेम १ मिलिमीटर व्यासाचा काचमणी वस्तू सुमारे ३०० पट मोठी दाखवू शकतो. हूक स्वतः वापरायचा तो नळीचा, एकाहून अधिक भिंगांचा सूक्ष्मदर्शक; तो वस्तू फार तर पन्नासेक पट मोठी दाखवी. दोन भिंगांनी जास्त दिसायला हवे, असे कोणालाही वाटेल. पण त्या काळच्या प्रत्येक भिंगात दोष होते. कडेचे किरण मधल्या किरणांच्या ठिकाणी जमत नसत आणि पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगवेगळ्या जागी पडत. पहिल्या भिंगाने केलेली धूसर, रंगीत कडांची प्रतिमा दुसरे भिंग आणखी मोठी करी, म्हणजे धूसरपणाही मोठा करी. एकच मणी वापरला तर दोष एकदाच. हूकला हे ठाऊक होते. एका भिंगाने जास्त स्वच्छ दिसते, हे त्याने लिहूनही ठेवले. तरी तो त्या वाटेला फारसा गेला नाही, कारण मणी डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरावा लागतो आणि वस्तू मण्याला जवळजवळ चिकटवावी लागते. त्याने डोळे दुखतात, नजर अधू होते, अशी त्याची तक्रार होती.

डेल्फ्टच्या माणसाने मात्र हा त्रास पन्नास वर्षे सोसला. त्याचे सूक्ष्मदर्शक हाताच्या मुठीत लपतील एवढे. पितळेचे किंवा चांदीचे दोन पत्रे एकमेकांवर ठोकलेले, मध्ये बारीक भोकात अडकवलेले भिंग, मागे एक टोकदार खिळा आणि तो पुढेमागे, वरखाली सरकवायला मळसूत्र. खिळ्याच्या टोकावर वस्तू चिकटवायची किंवा पाण्याची नळी बांधायची, आणि सगळे उचलून डोळ्यापाशी उजेडात धरायचे. असे पाचशेच्या वर सूक्ष्मदर्शक आणि भिंगे त्याने केली. ती कशी करतो हे त्याने कधी सांगितले नाही.

१६७४ मध्ये डेल्फ्टपासून दोन तासांवरच्या एका तळ्याच्या पाण्यात त्याने हिरव्या वळणदार पट्ट्या पाहिल्या, आणि त्यांच्यामध्ये फिरणारे लहान जीव. त्या वर्षी रक्तातल्या तांबड्या कणांबद्दलही त्याने लिहिले. मग मिऱ्यांचा नंबर लागला. मिरे जिभेला का झोंबतात, हे त्याला शोधायचे होते. तिखटपणाचे कारण डोळ्यांनी पाहता येईल, अशी त्याची खात्री होती. डेल्फ्ट हे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा कचेऱ्यांपैकी एकीचे गाव. पूर्वेकडचा मसाला तिथे काही दुर्मीळ नव्हता. त्याच कंपनीची वखार तेव्हा आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. मिरे मऊ पडले म्हणजे आतले पाहता येईल, म्हणून त्याने अख्खे मिरे पाण्यात टाकून ठेवले. तीनेक आठवडे गेले. २४ एप्रिल १६७६ रोजी त्याने त्या पाण्याकडे पाहिले आणि तिखटपणाचा प्रश्न बाजूला पडला.

पाणी हलत होते. नाना आकारांचे जीव त्यात धावत होते, आणि त्यांत काही इतके लहान की आधी पाहिलेले सगळे त्यांच्यापुढे राक्षस वाटावेत. मोजणीदाराच्या सवयीने त्याने हिशेब मांडला. हे जीव एकापुढे एक असे शंभर निजवले तरी जाड वाळूच्या एका कणाची लांबी भरायची नाही. मग आकारमानात वाळूच्या एका कणाएवढे व्हायला असे १० लाख जीव लागतील. शंभराचा घन. बुचाच्या खोल्या मोजताना हूकने लावलेले गणित ते हेच. आजचा जीवशास्त्रज्ञ त्या वर्णनावरून आणि मापावरून सांगेल की हे जिवाणू होते. माणसाने पहिल्यांदा पाहिलेले जिवाणू. प्रत्येक जिवाणू म्हणजे एकच पेशी, आणि ती जिवंत, पोहणारी. हूकला जी खोली ओस दिसली तिच्यातला रहिवासी डेल्फ्टमध्ये मोकळा फिरताना सापडला होता. पण या दोन गोष्टी एकच आहेत हे कळायला आणखी दीडशेच्या वर वर्षे जायची होती, आणि ते त्या दोघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही.

९ ऑक्टोबर १६७६ ला त्याने हे सगळे सोसायटीला लिहिले; साडेसतरा पानांचे डच पत्र. ओल्डेनबर्गने त्यातला सुमारे अर्धा भाग इंग्रजीत करून सोसायटीच्या नियतकालिकात १६७७ च्या मार्चमध्ये छापला. लंडनच्या मंडळींना ते पचले नाही. वनस्पतींच्या रचनेचा अभ्यासक नेहेमाया ग्र्यू याच्याकडे पडताळणीचे काम दिले गेले, त्यातून काही निष्पन्न झाले नाही. तुझी रीत सांग, असे विचारले तर लेव्हेनहूकचे उत्तर एकच: अगदी लहान जीव पाहण्याची माझी पद्धत मी स्वतःपाशी ठेवतो. मग त्याने दुसरा मार्ग धरला, गावच्या प्रतिष्ठितांची साक्ष. आठ जणांच्या सह्यांचे दाखले त्याने ऑक्टोबरमध्ये लंडनला पाठवले. त्यांत धर्मगुरू होते, नोटरी होता. वरीच्या एका दाण्याएवढ्या पाण्यात आपण १० हजार, कोणी म्हणे ३० हजार, कोणी ४५ हजार जीव पाहिले, असे त्यांनी लिहून दिले. वरीचा दाणा केवढा? वाटाण्याच्या एका दाण्यात असे ९२ मावतील एवढा.

मला या दाखल्यांचे नेहमी वाईट वाटते. कोर्टात जमिनीच्या वादात चालावी तशी साक्ष त्याने विज्ञानात आणली, कारण त्याच्या जगात खरेपणा असाच सिद्ध होई. चार भल्या माणसांनी शपथेवर सांगितले की झाले. पण आठ काय, ऐंशी साक्षीदार आणले असते तरी त्यांनी डेल्फ्टमध्ये, त्याच्या घरी, त्याच्या हातचे भिंग वापरून पाहिले होते. लंडनला हवे होते ते लंडनमध्ये, परक्या भिंगातून दिसणे. रीत सांगितली असती तर हे वर्षभरात उरकले असते. सांगितली नाही म्हणून सगळा भार हूकवर आला.

हूकविषयी इतिहासात फार चांगले लिहिले गेलेले नाही. न्यूटनशी भांडलेला, तिरसट, संशयी, असे त्याचे चित्र आहे. पण या नोव्हेंबरातला हूक मला फार आवडतो. त्याने दोन गुरुवार भर सभेत अपयश सोसले. ‘डचमन चुकला’ असे म्हणून प्रकरण मिटवणे सोपे होते, आणि कोणी त्याला दोष दिला नसता. त्याऐवजी त्याने चूक आपल्या बाजूला शोधली. पाणी पुरेसे दिवस ठेवलेले नसेल. भिंग कमी पडत असेल. नळी जाड असेल. पावसाच्या पाण्यात अख्खे मिरे टाकून त्याने नऊ-दहा दिवस तसेच राहू दिले. काचेच्या नळ्या त्याने दिव्यावर ओढून आणखी बारीक केल्या. अशा नळीत पाणी भरले की पाण्याचा तो गोल स्तंभ स्वतःच भिंगासारखे काम करतो, हेही त्याने हेरले. आणि ज्याचा त्याला कंटाळा होता ते एकच बारीक भिंग त्याने पुन्हा डोळ्याला लावले.

१५ नोव्हेंबर. तिसरा गुरुवार. या वेळी नळीत हालचाल होती. पोहणारे, इकडून तिकडे जाणारे जीव. ख्रिस्तोफर रेनने पाहिले, ज्याच्या आराखड्यावर तेव्हा सेंट पॉलचे नवे चर्च उभे राहत होते. जॉन ऑब्रीने पाहिले. ज्याला आधी जमले नव्हते त्या ग्र्यूनेही पाहिले. लेव्हेनहूकच्या शोधाविषयी आता शंका उरली नाही, अशी नोंद सोसायटीच्या इतिवृत्तात झाली. ते पत्र इंग्रजीत आणणारा ओल्डेनबर्ग हे बघायला नव्हता. तो सप्टेंबरमध्येच वारला होता.

पुढच्याच वर्षी हूकने आपली सगळी रीत छापून टाकली: नळ्या कशा ओढायच्या, मणी कसा करायचा, पाणी कसे भरायचे. १६८० मध्ये लेव्हेनहूक सोसायटीचा सभासद झाला. १६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांमधला मळ पाहिला. रोज मिठाने दात घासणारा माणूस, तरी तिथेही तेच हलणारे जीव. माझ्या तोंडात आहेत तेवढी माणसे आपल्या सबंध देशात नाहीत, असे त्याने कळवले. १७२३ मध्ये नव्वदाव्या वर्षी तो गेला, जवळजवळ अखेरपर्यंत पत्रे लिहीत. २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक त्याने सोसायटीच्या नावे ठेवले. ते पुढे हरवले.

हूकला मात्र १६९२ मध्ये एका व्याख्यानात खंत करावी लागली की सूक्ष्मदर्शकाचा खरा उपासक आता एकच उरला आहे, तो डेल्फ्टचा. बाकीच्यांच्या हाती ते खेळणे झाले. हे खरेच होते. मणी वापरायला लेव्हेनहूकची चिकाटी लागे, आणि अनेक भिंगांचा सूक्ष्मदर्शक धूसरपणातून बाहेर येत नव्हता. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर या लंडनच्या दारूच्या व्यापाऱ्याने भिंगांच्या जोड्या नेमक्या अंतरावर बसवून दोष आटोक्यात आणायची रीत दाखवली, तेव्हा कोंडी फुटली. मग सगळे वेगाने घडले. रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशीतल्या केंद्रकाला नाव दिले. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितले की सगळे शरीर पेशींचेच बनलेले आहे. पेशी द्रवातून स्फटिकासारख्या साकळतात, हा त्यांचा समज चुकीचा होता. तो बर्लिनच्या रोबर्ट रेमाकने कोंबडीच्या गर्भात पेशी दुभंगताना पाहून खोडला. पण पेशी पेशीतूनच जन्मते, हे वाक्य जगाने लक्षात ठेवले ते रुडॉल्फ व्हिर्कोच्या नावावर. रेमाकवर हा अन्यायच झाला. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

दोन गोष्टी फार उशिरा उजेडात आल्या. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड हा संशोधक रॉयल सोसायटीच्या दप्तरात लेव्हेनहूकची मूळ पत्रे चाळत होता. जून १६७४ च्या एका पत्राला कागदाच्या लहान पुड्या चिकटवलेल्या होत्या. तीनशे वर्षे त्या जशाच्या तशा होत्या. आत त्याच्या हातचे नमुने निघाले. एका पुडीत बुचाचे काप होते, हाताने कापलेले, अतिशय पातळ. हूकच्या अठराव्या निरीक्षणातल्यासारखेच. ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते त्याने त्या पुस्तकातली चित्रे तरी पाहिली असणार, असे मी आधी म्हटले ते यावरून.

दुसरी गोष्ट २०२१ ची. लेव्हेनहूकचा सर्वांत शक्तिशाली असा जो सूक्ष्मदर्शक आज शिल्लक आहे तो उट्रेख्तच्या विद्यापीठ संग्रहालयात असतो. वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवणारा. भिंग दोन पत्र्यांमध्ये असल्यामुळे त्याचा आकार कोणालाच बघता येत नव्हता, आणि पत्रे उघडायचे धाडस कोण करणार? डच संशोधकांनी तो डेल्फ्टला आणला, तिथल्या अणुभट्टीपाशी. न्यूट्रॉन धातूतून आरपार जातात. पत्रे न उघडता, चारी बाजूंनी न्यूट्रॉनचा झोत सोडून त्यांनी आतल्या काचेचे चित्र काढले. घासून केलेले चपटे भिंग तिथे नव्हते. पन्नास वर्षे कोणाला न सांगितलेल्या त्या जागी एक लहानसा वाटोळा मणी होता, हूकने १६६५ मध्ये छापलेल्या रीतीने, काचेच्या तारेच्या टोकाला ज्योतीत जमतो तसा.